काच नसलेल्या खिडकीची सजावट: एका बालवाडीतलं प्रकरण

जुन्नर तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिराला लागून असलेल्या खोलीत ही बालवाडी भरते. पटावर वीस-बावीस मुलं, वय तीन ते सहा. एक ताई आणि एक मदतनीस मावशी. खोलीला दोन खिडक्या, एक पूर्वेला आणि एक दक्षिणेला. दोन्हींना उभे लोखंडी गज आणि बाहेर उघडणारी लाकडी दारं. काच नाही.

मी बालवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणाचं काम करते. या ताईंनी मला बोलावलं ते मात्र खिडकीसाठी नव्हे. त्यांचं म्हणणं असं होतं: "पोरांना कापता येत नाही, चिकटवता येत नाही. सजावट करायला बसलं की शेवटी सगळं माझ्यावरच येतं. यांच्या हाताला वळण कसं लावायचं तेवढं सांगा." दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. सुट्टीआधी पालकांना बोलवायचं आणि त्याआधी खोली सजवायची, असा इथला रिवाज.

आधीच्या वर्षीची सजावट मावशींनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. घोटीव कागदाची फुलपाखरं, फुलं, एक मोर. पूर्वी थर्माकोल असायचा. 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोलबंदी आली, तेव्हापासून ताई कागदाकडे वळल्या. फोनवर व्हिडिओ बघून रात्री घरी कापाकापी करायच्या. मुलांच्या वाट्याला काय? ताईंनी पेन्सिलने ठिपके द्यायचे आणि मुलांनी त्या ठिपक्यांवर टिकल्या लावायच्या.

मी ती फुलपाखरं गजांना बांधलेल्या सुतळीवर पुन्हा लावून बघायला सांगितली. सकाळची वेळ, पूर्वेकडून ऊन येत होतं. खोलीतून बघितलं तर सगळी काळी. घोटीव कागदाचा रंग पुढून उजेड पडला तरच दिसतो, मागून उजेड आला की त्याची नुसती सावली उरते. अंगणात जाऊन बघावं तर तिकडे कागदाची पांढरी पाठ. म्हणजे सजावट होती खिडकीत, आणि तिचा रंग ना आतून दिसत होता ना बाहेरून. वाऱ्यावर फुलपाखरं गरागरा फिरायची तेव्हा क्षणभर गुलाबी चमक दिसायची, तेवढीच. मुलांनी गेल्या वर्षी दुसऱ्या दिवसापासून तिकडे बघणंच सोडलं होतं, हे ताईंनीच सांगितलं. त्यांना ते मुलांचं लक्ष टिकत नसल्याचं लक्षण वाटलं होतं.

मला इथेच शंका आली. मुलांचे हात तपासण्याआधी कागद तपासावा.

व्हिडिओतली खिडकी

ताईंनी मला फोनवरचे व्हिडिओ दाखवले. त्यांतला एक पातळ रंगीत कागदाच्या चांदण्यांचा होता: चौकोनी कागदांच्या घड्या घालायच्या, त्या एकावर एक सरकवत चिकटवायच्या आणि चांदणी काचेवर लावायची. मागून उजेड आला की आत आणखी एक चांदणी उमटते. ही पद्धत वॉल्डॉर्फ शाळांमध्ये, म्हणजे रुडॉल्फ स्टायनर यांच्या शिक्षणविचारावर चालणाऱ्या शाळांमध्ये, फार चालते. त्यांतली पहिली शाळा 1919 मध्ये जर्मनीतल्या स्टुटगार्टला निघाली. तिकडच्या हिवाळ्यात घरं बंद, खिडक्यांना काच आणि दिवस लहान, म्हणून जो काही उजेड येतो तो रंगवून घ्यायचा. ते तिथे बरोबर बसतं. पण घडी थोडी जरी इकडेतिकडे झाली तरी आतली चांदणी फिसकटते. चार वर्षांच्या मुलाकडून आठ कागदांच्या सारख्या घड्या होत नाहीत, आणि होत नाहीत म्हणून मोठी माणसं त्या घालून देतात. व्हिडिओतही दिसत होते ते मोठ्या माणसाचेच हात.

एक गोष्ट मात्र त्यातून घेण्यासारखी होती: कागद उजेड अडवणारा नको, जाऊ देणारा हवा. तो कागद शोधायला जर्मनीला जायचं कारण नव्हतं. आकाशकंदिलाला लागणारा पतंगी कागद तालुक्याच्या बाजारात त्या दिवसांत ढिगाने पडलेला असतो.

हात काय करू शकतात

पहिल्या दिवशी आम्ही काहीच बनवलं नाही. मुलांना चार-पाच जणांच्या गटात बसवलं आणि जुनं वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, पतंगी कागद, कात्र्या असं पुढ्यात ठेवलं. पंखा बंद केला, कारण पतंगी कागद सुरू पंख्याखाली एका जागी राहत नाही. तरी खिडकीतून वारा होताच, तेव्हा मावशींनी रंगांचे ढीग परातीत ठेवून प्रत्येकावर एकेक गोटा ठेवला. पुढे रोजच ती परात निघत राहिली.

कात्रीचं गणित लवकर उलगडलं. ताई मुलांना कापायला पतंगी कागदच देत होत्या, पातळ आहे म्हणजे सोपा असेल म्हणून. प्रत्यक्षात लहान मुलाच्या हातात पातळ कागद लटकतो आणि कात्रीच्या पात्यांमध्ये दुमडून बसतो. कापला जात नाही, चावल्यासारखा होतो. तीच कात्री, तोच मुलगा, पण हातात लग्नपत्रिकेचा जाड कागद दिला की कच्‌कन तुकडा पडतो. साडेतीन वर्षांच्या एका मुलाने पत्रिकेच्या कडेला एकेक चीर देत पूर्ण झालर करून टाकली आणि दुसरी पत्रिका मागितली. लग्नसराईच्या गावात पत्रिकांना तोटा नव्हता.

एक मुलगी कात्री धरायलाच तयार नव्हती. ताईंच्या वहीत तिच्या नावापुढे "कापकाम करत नाही" असा शेरा होता. ती डावखुरी आहे. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकींवर घट्ट आणते. डाव्या हातात तोच दाब उलटा पडतो, पाती फाकतात आणि कागद मध्ये अडकतो. शिवाय वरचं पातं रेघेवर येतं, त्यामुळे कुठे कापतोय तेही दिसत नाही. तिला कापायची नावड होती असं मला वाटत नाही. तिच्या हातात ती कात्री चालतच नव्हती.

मग उरलं फाडणं. याला ताई काम मानायला तयार नव्हत्या. "फाडायचं काय शिकवायचं? ते तर येतंच." येत नाही. तीन वर्षांची मुलं कागद दोन मुठींत धरून दोन बाजूंना ओढतात आणि तो फाटत नाही. दोन्ही अंगठे शेजारी आणून एक हात स्वतःकडे आणि दुसरा समोर न्यायचा, ही युक्ती आहे आणि ती बघून शिकावी लागते. सर्वांत लहान मुलांसाठी ताईंनी पट्टीच्या काठावर आधीच नखाएवढ्या चिरा देऊन ठेवल्या. तिथून सुरुवात मिळाली की पुढचं हात करतात.

वर्तमानपत्राने सगळ्यांत जास्त गंमत आणली. उभं फाडलं की सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं की वाट सोडून कुठेही जातं. कागद बनताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला पडतात, त्या दिशेने तो निमूट फाटतो. पतंगी कागदालाही अशी दिशा असते. मोठ्या मुलांना ती शोधायचा नादच लागला. नवा ताव आला की आधी कोपऱ्यात थोडासा फाडून बघायचं, आणि एकाने तर जाहीर केलं, "ताई, ह्यो कागद असा जातोय, तसा न्हाई जात."

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हापासून बालवाडीची साधनं परिसरातून घ्यावीत हे आपण ऐकत आलो आहोत. आमच्या प्रशिक्षणांतही ते वाक्य असतंच. पण परिसरातला कागद घेतला म्हणजे झालं असं नाही. कुठला कागद कुठल्या वयाच्या हातात काय करतो हे बसून बघावं लागतं. ते बघायला ताईंना आजवर कुणी वेळ दिला नव्हता. नोंदवही भरायला मात्र वेळ असतो.

खळ

पांढरा गोंद बाटलीतून भसकन येतो, पातळ कागद भिजून सुरकुततो आणि रंग सुटून बोटांना लागतो. म्हणून आम्ही खळ केली. वाटीभर मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवला, मग पाच-सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहिलो. पांढरेपणा जाऊन ती चकचकीत दिसायला लागली की उतरवली. मावशी सवयीने म्हणाल्या, "मोरचूद टाकायचा ना चिमूटभर?" खळीला कीड लागू नये म्हणून तो टाकायची जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी आहे. मुलं बोट खळीत घालतात आणि तेच बोट तोंडात घालतात, तेव्हा इथे तो अजिबात नको. त्यापेक्षा खळ थोडीच करावी आणि आंबूस वास आला की टाकून द्यावी.

दुसरी खबरदारी म्हणजे खळ तुकड्याला न लावता खालच्या कागदाला लावायची. मूल एका बोटाने खळीचा ठिपका पसरवतं, बोट ओल्या फडक्याला पुसतं आणि कोरड्या बोटांनी तुकडा उचलून ठेवतं. हे फडकं विसरलं की तुकडा कागदाऐवजी बोटालाच चिकटून बसतो.

चौकट

आता काचेचा प्रश्न. तुकडे चिकटवायचे कशावर? आदल्या वर्षीसारखं सुतळीवर लटकवलं तर वारा ते फिरवणार आणि फाडणार. ताईंनी आधी प्लास्टिकचा कागद ताणून बसवायचं सुचवलं. त्याने खोलीतला वाराच बंद झाला असता, आणि दुपारी पत्र्याखाली बसवलं नसतं.

तोडगा मुलांपैकीच एकाच्या आजोबांकडून आला. ते दर दिवाळीला कामट्यांचे आकाशकंदील करतात, चार घरांनाही देतात. त्यांनी गजांमधलं अंतर वितीने मोजलं आणि खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात बसतील अशा कामट्यांच्या चौकटी बांधून दिल्या. खालचा अर्धा भाग वाऱ्याला मोकळा. चौकट बांधताना त्यांनी मुलांसमोर चार कामट्यांचा चौकोन हातात धरून हलवून दाखवला, तो लगेच तिरका झाला. मग एक कामटी कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी बांधली आणि पुन्हा हलवला. हलेना. मुलांनी हात लावून, ओढून खात्री करून घेतली. कामट्यांच्या कडा त्यांनी आधीच तासून घेतल्या होत्या, नाहीतर बांबूची कूस बोटात गेली की ते बोट दोन दिवस कामातून जातं.

चौकटीवर पांढरा पतंगी कागद ताणून चिकटवला. ही झाली काच. गजांना ती सुतळीच्या सुरगाठीने बांधली, म्हणजे पावसाळ्यात किंवा कार्यक्रमाला खोली दुसऱ्या कुणाला लागली तर एका ओढीत निघावी.

रंगावर रंग

ताईंच्या मनात अजून मोर होता. पांढऱ्या कागदावर पेन्सिलने मोर काढून देते आणि मुलं आत तुकडे भरतील, असं त्या म्हणाल्या. यावर आमची थोडी वादावादी झाली. माझं म्हणणं असं की मोर काढला की मुलं मोराच्या चाकरीला लागतात. निळा तुकडा निळ्या जागीच हवा, रेघेबाहेर गेला तर चूक. शेवटी ठरलं की दक्षिणेच्या खिडकीत ताईंचा मोर आणि पूर्वेच्या खिडकीत मुलांचं जे होईल ते. दोन्ही कामं शेजारी-शेजारी चालली, त्यामुळे फरक आम्हाला एकदमच बघायला मिळाला.

मोराजवळ मुलं विचारत होती, "ताई, इथं कुठला?" दुसऱ्या चौकटीजवळ विचारणं कमी आणि उचलून उजेडाकडे धरून बघणं जास्त. पिवळ्यावर निळा तुकडा पडला आणि हिरवा दिसला तेव्हा तिथे गर्दी झाली. गुलाबीवर पिवळा, केशरी झाला. मग एक चार वर्षांची मुलगी एकाच जागी तुकड्यावर तुकडा लावत बसली. लाल, निळा, हिरवा, पुन्हा लाल. प्रत्येक तुकड्यानंतर ती मान तिरकी करून खिडकीकडून बघायची. पाचव्या-सहाव्या तुकड्याला म्हणाली, "इथं रात झाली." प्रत्येक कागद उजेडातला काही भाग अडवतो, तेव्हा थर वाढले की काळोख होणारच, पण हे सांगायची गरज कुणालाच पडली नाही. त्यानंतर इतर मुलं आपणहून म्हणायला लागली, "दोनच लाव, न्हाईतर रात व्हईल."

डावखुऱ्या मुलीने पूर्वेच्या चौकटीवर सगळ्यांत जास्त काम केलं. सगळं फाडलेलं. फाडलेल्या कडेला पतंगी कागदाचे बारीक तंतू सुटतात, त्यामुळे एक रंग दुसऱ्यात विरघळल्यासारखा दिसतो, कापलेल्या कडेला तसं होत नाही. ताईंनी वहीतला शेरा बदलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला मोराच्या पिसाऱ्यासाठी बोलावून नेलं.

मोठ्या मुलांनी पत्रिकेच्या जाड कागदाची एक घडी घालून मध्ये भोकं कापली. तीन घड्या घातल्या तर मुलांच्या कात्रीला झेपत नाही. एक, फार तर दोन. त्या भोकांवर आम्ही जिलेटिनचे, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदाचे, तुकडे लावले. जिलेटिनवर खळ धरत नाही, चिकटपट्टी लागते, म्हणून तेवढं काम ताईंनी केलं. हे जिलेटिन मुलं डोळ्यांसमोर धरून लाल झाड, निळी मावशी असं बघत हिंडली. तेव्हा एकच नियम जोरात सांगितला आणि पाळायला लावला: यातून सूर्याकडे बघायचं नाही. रंगीत जिलेटिनने डोळ्यांचं रक्षण होत नाही, उलट चमक कमी वाटते म्हणून मूल जास्त वेळ बघत राहतं.

पतंगी कागद आणि जिलेटिन यांतला फरकही मुलांनीच काढला. पतंगी कागद स्वतः उजळतो पण फरशीवर रंग पाडत नाही, कारण तो उजेड सगळीकडे विखरून टाकतो. जिलेटिनमधून ऊन सरळ येतं, म्हणून फरशीवर लाल-निळे तुकडे पडतात. एका मुलाने लाल तुकड्याभोवती खडूने रेघ मारली. खाऊ खाऊन हात धुऊन येईपर्यंत रंग रेघेबाहेर वीतभर सरकला होता. "कुणी ढकललं?" यावर जी चर्चा झाली ती सजावटीच्या अख्ख्या उपक्रमात मला सर्वांत मोलाची वाटली. दुसऱ्या दिवशी मुलांनी खडू आधीच मागून घेतला.

पालक आणि फोटो

पालक आले. मोराचं कौतुक झालं. पूर्वेच्या खिडकीसमोर एक आजी म्हणाल्या, "हे गोधडीवाणी ठिगळं का लावलीत?" आणि एका आईने विचारलं, "आमच्या पोरानं केलेलं यातलं कुठलं?" याला ताईंकडे उत्तर नव्हतं. मुलाकडे होतं. त्याने वरच्या कोपऱ्यातल्या दोन तुकड्यांवर बोट ठेवलं, एक त्याचा आणि एक त्याच्या मित्राचा. तरी आईचा प्रश्न रास्त आहे. घरी न्यायला काही हवंच असतं. पुढच्या खेपेला प्रत्येकाला पत्रिकेच्या चौकटीतली एक छोटी खिडकी घरी द्यावी, असं ताईंनी ठरवलं.

फोटोचा गोंधळ वेगळा. मागून उजेड असला की मोबाईलमध्ये एक तर खिडकी पांढरीफटक येते किंवा खोली काळी. फ्लॅश लावला तर पुढून उजेड पडतो आणि पतंगी कागद फिका, मळकट दिसतो. पालकांच्या गटावर गेलेले पहिले फोटो बघून कुणालाही वाटावं, यात काय एवढं? स्क्रीनवर खिडकीच्याच उजळ भागावर बोट टेकवून, फ्लॅश बंद करून काढले तेव्हा रंग आले. हे लिहायचं कारण असं की बालवाडीतल्या कामाची किंमत हल्ली फोटोवर ठरते, आणि घोटीव कागदाचा मोर फोटोत नेहमीच भाव खाऊन जातो. ताई पुन्हा घोटीव कागदाकडे वळल्या तर त्याचं कारण मुलांचे हात नसतील, हा दाब असेल.

नंतर

सुट्टीनंतर मुलं परतली तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतला गुलाबी फिका पडला होता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्या खिडकीला दिवसभर ऊन. एका मुलाने सुटत आलेला तुकडा ओढला, खाली झाकलेल्या भागात मूळ गडद गुलाबी शाबूत. मग काय, आणखी तुकडे उचकटले गेले. ताई आधी रागावल्या, पण नंतर त्यांनी फिके पडलेले तुकडे बदलायचं काम संक्रांतीपर्यंत मुलांकडेच दिलं. मोरातले बदलायला मुलं फारशी गेली नाहीत. पूर्वेची चौकट मात्र सतत बदलत राहिली.

काही गोष्टी अजून अडलेल्या आहेत. तीन वर्षांची सगळ्यांत लहान मुलं चिरा देऊन ठेवल्याशिवाय फाडत नाहीत, आणि रोज एवढ्या पट्ट्यांना चिरा द्यायला ताईंना वेळ नसतो. सध्या ते काम सहा वर्षांची मुलं कात्रीने करतात आणि त्यात त्यांचा सराव होतो. डाव्या हाताची कात्री तालुक्याच्या बाजारात मिळाली नाही, पुण्याहून आणायला सांगितली आहे. आजोबांनी मात्र येत्या वर्षी चौकटी मुलांनाच बांधायला शिकवतो म्हटलंय, कामट्या तासून देण्याच्या अटीवर.